पिंपातलं ईडलिंबू

माझे सासरे, म्हणजे आबा, आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा त्यांच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली हातभर लांबीची फांदी. ट्रंक त्यांनी दारातच माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. फांदी दिली नाही. चपला काढल्या, सरळ गॅलरीत गेले, ऊन कुठून येतं ते मान वर करून बघितलं आणि मला विचारलं, "पिंप हाय का एखादं जुनं?"

चहा नाही, पाणी नाही, पिंप! मी कसबा पेठेत वाढलेली. माती म्हणजे तुळशीच्या कुंडीत असते ती आणि पावसाळ्यात चपलेला लागते ती, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. पिंप होतं, पण त्यात मी पाणी साठवत होते. तसं मी म्हटलंही. आबा म्हणाले, "अर्धंच लागंल. अर्धं तुझं तुला." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी करवतीने त्या निळ्या पिंपाचे दोन तुकडे झाले. वरच्या तुकड्याला बूड नाही, तो घेऊन मी काय करणार होते देव जाणे.

ती फांदी ईडलिंबाची, म्हणजे लोणच्याच्या मोठ्या, जाड सालीच्या लिंबाची होती. मांजरीला आबांच्या मळ्यात विहिरीच्या कडेला सासूबाईंनी लावलेलं ईडलिंबू होतं. त्यांच्या लोणच्याच्या बरण्या आमच्याकडे वर्षाला दोन यायच्या. सासूबाई गेल्या, आणि पुढच्या दीड वर्षात मळाही गेला. कुणी फसवलं वगैरे नाही हो. चारी बाजूंना सोसायट्या उठल्या, भावकीने विकायचं ठरवलं, आबांनी स्वतः सही केली. विहीर बुजवणार आणि झाड जाणार हे कळल्यावर मात्र आबांनी सगळं सोडून आधी एका फांदीला गुटी बांधली. म्हणजे फांदीची साल बोटभर सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वर प्लास्टिकचा कागद बांधायचा, की दीड-दोन महिन्यांत तिथेच मुळं फुटतात. मुळं फुटली तशी त्यांनी फांदी कापली आणि आमच्याकडे आले. पुतण्याने तिथेच नवं घर बांधलं होतं आणि त्यात आबांसाठी एक खोली ठेवली होती. पण माझा नवरा हट्टाला पेटला, की मुलगा असताना पुतण्याकडे का?

पिंपाला तापलेल्या सळईने भोकं पाडून झाली, तळाशी विटांचे तुकडे पडले. मातीसाठी आबा परत मांजरीला गेले आणि बसमधून गोणी घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, "काय आहे हो यात?" आबा म्हणाले, "माती." कंडक्टर अस्सल पुणेरी. म्हणाला, "का, पुण्यातली संपली?" आबा म्हणाले, "न्हाई, हाय की. पर तिच्यावर समदं डांबर हाय." हे त्यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं, आणि त्या दिवशी मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा खळखळून हसले.

झाड लावून झालं. हात धुऊन आबा जमिनीवर मांडी घालून बसले आणि मला समोर बसवून म्हणाले, "हे बघ सूनबाई, जमिनीतलं झाड मी पिंपात घातलंय. हितं रुजून त्याला बहार आला, तर मीबी हितंच राहीन. न्हाई आला तर पुतण्याची खोली हायेच. मंग कुणी रुसायचं न्हाई."

खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. आमचं घर केवढं? एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर आणि ती गॅलरी. नवरा चाकणला नोकरीला, सकाळी सातला बाहेर. मुलगी आठवीत, ती शाळेत. मी घरीच ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. माझं मशीन गॅलरीच्या दारात, कारण उजेड तिथेच. म्हणजे दिवसभर मी आणि आबा, समोरासमोर, चार फुटांवर. मी मनात म्हटलं, नाही आला बहार तर नाही आला. झाडाचं काय एवढं!

पहिली ठिणगी पडली ती खालच्या काकूंशी. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, एकट्या. आबांनी पहिल्याच आठवड्यात झाडाला बादलीभर पाणी घातलं. दहा मिनिटांत बेल वाजली. काकू दारात उभ्या. "आमच्या गॅलरीत आज गंगा अवतरली. कमंडलू आपलाच का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र उठून पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं बाई. टाईम सांगा, त्या टायमाला घालतो." त्यावर काकूही वरमल्या. मग करार झाला: पाणी रोज सकाळी आठला, मोजून दोन तांबे, आणि त्या वेळी काकू तो कोपरा मोकळा ठेवणार. हा करार दोघांनीही असा पाळला की सोसायटीच्या सभेत त्याचं उदाहरण द्यायला हरकत नव्हती.

झाडाने जीव धरला. नवी पालवी आली, तांबूस. कोवळ्या पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा ओढणारी अळी आली, आबांनी ती पानं खुडली. मग पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी एक जाडी अळी आली, तिला बघून माझी मुलगी किंचाळत हॉलमध्ये पळाली. आबा रोज सकाळी त्या अळ्या हाताने वेचायचे. एक मात्र त्यांनी मुद्दाम ठेवली. मी म्हटलं, "आबा, ही राहिली की." म्हणाले, "राहू दे. चार पानं खाईल बिचारी. पोरीला फुलपाखरू दिसंल." आणि दिसलं! काळं-पिवळं, दारावरच्या पडद्याला चिकटून पंख वाळवत बसलेलं. मुलगी त्या दिवशी शाळेत उशिरा गेली आणि आबांनी तिच्या बाईंना चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई मात्र हसल्या म्हणे.

माझं आणि आबांचं कधी जमलं ते मला सांगता येणार नाही, कारण ते मला कळलंच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा बारीक दिसायचं, आणि माझी चाळिशी लागलेली. मी सुई घेऊन डोळे बारीक करायला लागले की ते न बोलता हात पुढे करायचे. सुई ओवून परत. पुढे पुढे सकाळीच सात-आठ सुया वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी ओवून पिनकुशनला लावून ठेवायला लागले. दुपारी माझं डोकं दुखायचं, तेव्हा ईडलिंबाचं एक पान चुरगाळून ताकात टाकायचे आणि भांडं मशीनवर ठेवायचे. अहो, त्या ताकाचा वास! लिंबाचा म्हणावा तर तसा नाही, त्याहून गोडसर, नाकातून सरळ डोक्यात जाणारा. डोकं ताकाने थांबायचं की कुणीतरी आणून दिलं म्हणून थांबायचं, ते आता कशाला ठरवायचं.

एकदा तर त्यांनी कहर केला. एक बाई ब्लाऊज घ्यायला आल्या. मी आत होते. आबांनी त्यांना दारातूनच सांगितलं, "उद्या या. आज ती दमलीया." मी बाहेर येऊन बघते तर गिऱ्हाईक जिना उतरून गेलेलं. मी भडकले. "आबा, गिऱ्हाइकाला असं सांगतात का? ती दुसरीकडे जाईल ना!" ते शांतपणे म्हणाले, "गेली तर जाऊ दे. सकाळपास्नं तीनदा कंबर धरलीस." मी तोंड फिरवून आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती. मी दमलेय हे माझ्याआधी दुसऱ्या कुणाला कळल्याचं मला आठवत नव्हतं.

तेव्हापासून माझा हिशेब उलटा झाला. आता मला बहार हवा होता.

आणि तो येईना. पहिलं वर्ष गेलं, आबा म्हणाले लहान आहे. दुसरं गेलं, म्हणाले मुळं पसरतायत. तिसऱ्या वर्षी झाड माझ्या डोक्याइतकं झालं, हिरवंगार, बोटभर लांब काटे, आणि कळीचा पत्ता नाही. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं म्हणायची, "वा, काय छान वाढलंय!" आबा नुसतं हं म्हणायचे. मग एक दिवस माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानं काय, कुणालाबी येत्यात." पुतण्याचे फोन वाढले होते. खोलीला रंग दिला, पंखा लावला, असं काहीबाही तो सांगायचा. आबा ऐकून घ्यायचे, आणि हल्ली नाही म्हणायचे नाहीत.

डिसेंबर उजाडला. एका सकाळी आबांनी आम्हा तिघांना हॉलमध्ये बसवलं आणि म्हणाले, "आजपास्नं झाडाचं पाणी बंद. ताण द्यायचाय."

ताण म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. लिंबाच्या बागेला बहार हवा असेल तर पाणी तोडतात. पानं माना टाकतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग पाणी सोडलं की ते अंगातलं सगळं बळ फुलांत घालतं. मळ्यात महिना-दीड महिना ताण देतात. पिंपात माती ती केवढी, आबांच्या मते पंधरा दिवस पुष्कळ झाले. "आपण त्याला लई लाडात ठेवलंय," आबा म्हणाले. "सुखातलं झाड फुलंल कशापायी? कुणीबी थेंब घालायचा न्हाई. आणि यंदा न्हाई आला बहार, तर संक्रांत झाली की मी जातो."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज टाकलं की मुलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. आबा खाली जाऊन काकूंनाही सांगून आले, "पंधरा दिवस पाणी बंद हाय. काय वाळवायचं ते निवांत वाळवा." काकूंनी लगेच संक्रांतीचे तीळ धुऊन त्या कोपऱ्यात पसरले.

पहिले तीन दिवस मी निभावले. चौथ्या दिवशी दुपारी आबा जेवून लवंडले होते, मी मशीनवर, आणि झाड समोर. शेंड्याची कोवळी पानं खाली वळली होती. मी ब्लाऊजच्या बाहीकडे बघायची, परत झाडाकडे बघायची. बाही उलटी लावली. उसवली. परत उलटीच लावली. शेवटी उठले, तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात होतं ते घेतलं आणि हळूच ओतलं. दोन फुलपात्रं फक्त. मनाशी म्हटलं, हे काही पाणी नव्हे, हे धुणं आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजचा दिवस. तिसऱ्या दिवशी काही म्हटलंच नाही, नुसतं ओतलं.

बहार यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई मी, आणि मीच तो येऊ देत नव्हते. हे मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. पण समोर माना टाकलेलं झाड दिसलं की हात थांबत नव्हता. माझ्यासारख्या शहरी बाईला झाडाचं दुसरं काय करायचं ठाऊक? पाणीच.

पंधरा दिवस झाले. झाड ढिम्म. तरतरीत, टवटवीत, एकही पान गळलं नाही. आबा रोज मातीत बोट खुपसून बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. सतराव्या दिवशी ते बराच वेळ पिंपाशी उकिडवे बसून राहिले. मग उठून म्हणाले, "ताण बसंना. हे काय आता फुलायचं न्हाई. मुळाची जागा सुटली की असंच हुतं." आणि आत जाऊन त्यांनी कपाटातली पिशवी काढली. दोन धोतरं, बंड्या, औषधाची डबी. पुतण्याला फोन केला, उद्या रविवार आहे, गाडी घेऊन ये. संक्रांतीचीही वाट बघायला ते तयार नव्हते.

मी स्वयंपाकघरात पुतळ्यासारखी उभी. आता बोलले नाही तर आबा जाणार, आणि बोलले तर तीन वर्षं ज्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला त्याला सांगायचं, की तुमच्या झाडाचा घात मी केला. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नव्हती. दोन फुलपात्रांत एवढं झाड इतकं टवटवीत राहीलच कसं?

तेवढ्यात बेल वाजली. काकू. हातात ताट, ताटात ओले तीळ.

"आबासाहेब," काकू म्हणाल्या, "आपलं झाड उपाशी आहे असं आपण मला सांगितलंत. मग माझ्या तिळांवर हे तीर्थ कुठलं पडतंय? एकदा पडलं, मी बोलले नाही. पण रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र? अहो, सुकाळात आठला एकदाच पडायचं, दुष्काळात चार वेळा!"

आबांनी आमच्याकडे बघितलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "दुपारचं मी, आबा. तांदळाचं धुणं होतं. मला बघवेना."

नवऱ्याने घसा खाकरला. "रात्री जेवल्यावर मी थोडंसं. कंपनीच्या बाटलीत उरलेलं."

मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "क्लासवरून आले की मी. नेटवर लिहिलं होतं की पानं अशी वळली तर झाड मरतं." आणि रडायलाच लागली.

काकूंनी बोटं मोजली. "दुपार, संध्याकाळ, रात्र. आणि सकाळचं? सहाला पडतं, मी तेव्हा फिरायला निघते. मला पक्कं माहीत आहे."

सकाळी सहाला आमच्याकडे एकच माणूस जागा असतो. आम्ही चौघांनीही आबांकडे बघितलं. आबा पिंपाकडे बघत होते. धोतराचा सोगा त्यांनी उगाचच नीट केला.

"तांब्याभरच," ते म्हणाले.

"आबा!" मुलगी रडता रडता ओरडली.

"काय करू मंग?" आबा एकदम चिडले. "मळ्यात ताण दिला की मी घरला जायचो. झाडं तिकडं, मी हिकडं. हितं ते दिसभर माझ्या तोंडाकडं बघतंय! जन्मभर ताण दिला मी झाडांना. ह्या एकाला देता ईना."

आधी काकू हसल्या. ताटातले तीळ सांडतील इतक्या हसल्या. मग नवरा, मग मुलगी. आबांच्या मिशा हलल्या. मला मात्र हसू येईना. मला वाटलं, हे हसणं संपेल, उद्या गाडी येईल आणि हे जातील. मी पुढे झाले, पिशवी उचलली आणि जे तीन वर्षांत बोलले नव्हते ते सगळ्यांसमोर बोलले. "आबा, झाड फुलो नाहीतर वाळून जावो. तुम्ही जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

आबांनी फोन मागितला आणि पुतण्याला म्हणाले, "उद्या येऊ नगंस. झाडाला ताण बसायचाय अजून."

उत्तर झाडाच्या नावावर आलं होतं. मी तेवढ्यावर समाधान मानलं, पण मनातून काही फिटलं नाही.

दुसरा ताण काकूंच्या देखरेखीखाली झाला. त्यांनी त्या कोपऱ्यात स्टीलचं रिकामं ताट ठेवलं आणि जाहीर केलं, "टण्ण वाजलं की मी वर आले समजा." मी मशीन भिंतीकडे तोंड करून फिरवलं. अंधारात शिवायची पाळी आली, पण गॅलरीकडे बघितलं नाही. नवरा बाटली कंपनीतच रिकामी करून यायचा. आबा दिवसभर आतल्या खोलीत पाठ करून बसायचे, आणि मधूनच विचारायचे, "लई वळलीत का पानं?" मी म्हणायची, "मला काय माहीत, मी भिंत बघतेय." एकदा दुपारी ते तांब्या घेऊन उठले. मी दारात आडवी झाले. म्हणाले, "घोटभर." मी म्हटलं, "नाही म्हणजे नाही." सासऱ्यांशी इतक्या कडक आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते मुकाट्याने परत फिरले, पण त्या रात्री त्यांनी भात घेतला नाही.

तेराव्या दिवशी काकू स्वतःच वर आल्या आणि म्हणाल्या, "पुरे झालं हो. मला खालून बघवत नाही." पानं नळीसारखी गुंडाळली होती, खालची काही गळून पिंपाभोवती पडली होती. आबांनी आधी अर्धा तांब्या दिला, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी पानं सरळ झाली. आणि संक्रांत होऊन दोन-अडीच आठवडे झाले असतील, मी दोरा तोडत असताना काट्याच्या बगलेत एक जांभळट ठिपका दिसला. मी चष्मा पुसला. ठिपके पुष्कळ होते.

फुलं उमलली त्या सकाळी मी झोपेतून उठले तीच वासाने. मोगऱ्यासारखा अंगावर येणारा वास नव्हे. थोडा गोड, थोडा कडसर, आणि हवा हलली तरच येणारा. मशीनवरच्या ब्लाऊजना तो लागायचा. गिऱ्हाइकं विचारायची, अत्तर लावून देता की काय? खालून काकूंनी हाक मारली, "अहो, वास खाली पोचला! याची तक्रार नाही बरं!" आबा पिंपाशी उभे होते. एक पाकळी बोटावर घेऊन म्हणाले, "आला." एवढंच. मी वाट बघत राहिले की पुढे काहीतरी म्हणतील. अट त्यांनी घातली होती, ती पुरी झाली होती. एक शब्द बोलायला काय जात होतं? पण नाही. आणि मला विचारायचा धीर होईना.

त्यातच पुतण्याच्या मुलीचं लग्न निघालं, मांजरीला. आम्हाला एका दिवसाचं आमंत्रण, आबांना आठ दिवस आधीपासून बोलावलेलं, घरातले वडील म्हणून. पुतण्या गाडी घेऊन आला. आबा मला म्हणाले, "पाणी आठला. दोन तांबे. आता तोडू नगंस." आणि गेले. संध्याकाळी धुतलेले कपडे ठेवायला त्यांचा कप्पा उघडला तर कप्पा रिकामा. स्वेटर, चष्म्याची घरं, डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद, सगळं नेलेलं. आठ दिवसांच्या लग्नाला कुणी ऑपरेशनचे कागद नेतं का? मी कप्पा लावून टाकला आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही.

लग्नाला आम्ही गेलो. आबा नव्या फेट्यात, माणसांच्या घोळक्यात, सगळे त्यांच्या पाया पडतायत, गावची जुनी माणसं त्यांना सोडत नाहीत. पुतण्याने त्यांच्यासाठी ठेवलेली ती खोलीही मला दाखवली. मोठी खिडकी, पंखा, पुढे अंगणाची पट्टी. आमच्याकडे आबा हॉलमध्ये झोपायचे. मी "छान आहे हो" म्हटलं आणि मनापासून म्हटलं. निघताना आबांना विचारावं म्हणून मी दोनदा वळले, दोन्ही वेळा कुणीतरी मध्ये आलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आबा. मी त्यांना बोलूच दिलं नाही, भराभर सांगत सुटले, "पाणी वेळेवर आहे आबा. फुलं गळतायत, पण बारीक बारीक लिंबं धरलीत, मी मोजली, अकरा आहेत. अळी नाही. तुम्ही झाडाची काळजी करू नका, तिकडे आरामात..."

"झाडाचं कोण ईचारतंय?" आबा फोनवर खेकसले. "पुतण्यानं माझा समदा कप्पा भरून आणला हुता, तो पिशवीत घालून दोन दिस झाले वाट बघतोय. लगीन झालं न्हवं? मला घरला न्यायला कधी येतीस?"

मशीनवर एका नवरीचा ब्लाऊज होता, तो तसाच टाकला. काकूंच्या हातात किल्ली दिली आणि धावत खाली उतरले. कोपऱ्यावर एकच रिक्षा उभी होती. मांजरी म्हटल्यावर रिक्षावाल्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"तिकडून रिकामं यावं लागतं हो, बाई."

"नाही यावं लागणार," मी आत बसत म्हटलं. "माझ्या सासऱ्यांना घरी आणायचंय."